टाकी ठिबकते आणि इंजिन बंद पडतं, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत

प्रश्न असा आहे: काकांनी सत्तरच्या दशकात अमेरिकेहून आणलेलं कॉक्स 'बेब बी' ०४९, म्हणजे मॉडेल विमानाचं छोटं इंजिन, माळ्यावरच्या पेटीत सापडलं. साफ केलं, नवं ग्लो फ्युएल (मिथेनॉल आणि तेलाचं इंधन) भरलं. इंजिनाच्या मागेच जोडलेली टाकी भरली की मागच्या बाजूने ठिबकतं, विमानाचं प्लायवूड ओलं होतं. तोंडाशी दोन थेंब टाकून फिरवलं की लगेच पकडतं, चार-पाच सेकंद जोरात चालतं आणि बंद पडतं. नीडल (इंधन कमी-जास्त करणारी सुई) उघडा वा मिटा, फरक नाही. मागचे चारही स्क्रू घट्ट आवळले, तरी गळती तशीच. आणखी आवळू का, की सीलंट भरू? त्याच पेटीत एक मिल्स या इंग्लिश इंजिनासारखं छोटं डिझेल इंजिन आहे, त्याच्या डोक्यावरूनही तेल पाझरतं.

आधी एक विनंती: स्क्रूंना आता हात लावू नका. आणि सीलंटची ट्यूब बाजूला ठेवा.

तुम्ही दोन तक्रारी एकत्र बांधल्या आहेत. टाकी मागून ठिबकते म्हणून इंजिन बंद पडतं, असा तुमचा हिशोब आहे. पण बेब बीची टाकी मुळातच हवाबंद नसते. तिला बाहेर उघडणाऱ्या दोन बारीक नळ्या असतात, एकीतून इंधन भरायचं आणि दुसरीतून हवा बाहेर पडायची. चालू इंजिनात इंधन जसं खाली जातं, तशी त्याच नळ्यांतून हवा आत येते. म्हणजे टाकीच्या काठातून आणखी थोडी हवा आत आली किंवा थोडं इंधन बाहेर गेलं, तर लाकूड खराब होईल, इंधन वाया जाईल, पण इंजिन पाच सेकंदांत बंद पडणार नाही. इंजिन बंद पाडणारी गळती बहुतेक वेळा कोरडी असते. तिथून थेंब बाहेर येत नाही, हवा आत जाते. आपले मेकॅनिक 'पंप एअर घेतोय' म्हणतात, तोच हा प्रकार.

या इंजिनाचा आकार लक्षात घ्या. ०.०४९ घन इंच म्हणजे साधारण ०.८ सीसी. मिनिटाला १२ हजार फेऱ्या धरल्या तरी रीडची पत्री, म्हणजे हवा-इंधन आत सोडणारी झडप, सेकंदाला दोनशे वेळा उघडते आणि मिटते. दर उघडझापेला जेटमधून, म्हणजे इंधन सुटतं त्या बारीक भोकातून, जे इंधन ओढलं जातं, ते डोळ्यांना दिसणारही नाही इतकं थोडं असतं. ते ओढणारा जोर म्हणजे व्हेंच्युरीतला, हवा आत घेणाऱ्या अरुंद नळीतला, किंचित कमी झालेला दाब, बस. त्या वाटेवर केसाएवढी चीर असली, तरी जेटला इंधनाऐवजी हवा ओढणं सोपं जातं. मोटरसायकलच्या कार्बोरेटरमध्ये जी चूक खपून जाते, ती इथे खपत नाही.

म्हणून गळती शोधताना मी इंजिनाचे तीन भाग मनात वेगळे करतो. टाकीतल्या नळीपासून जेटपर्यंत फक्त ओढ असते, तिथे चीर पडली तर हवा आत जाते. क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पोकळीत, पिस्टन वर जाताना ओढ आणि खाली येताना दाब असतो, तिथली चीर दोन्हीकडून त्रास देते, आणि तिथे फेस दिसतो. पिस्टनच्या वर निव्वळ दाब असतो, तिथून फक्त बाहेर येतं. कुठल्या भागात बिघाड आहे हे इंजिन स्वतःच सांगतं, ऐकायची सवय लागते.

तुमचं इंजिन काय सांगतंय? दोन थेंबांवर लगेच पकडतं आणि जोरात चालतं. याचा अर्थ कॉम्प्रेशन धरतंय, ग्लो हेड (मिश्रण पेटवणाऱ्या तापत्या तारेचं झाकण) पेटतंय, रीड निदान कामापुरती मिटतेय, क्रँककेस दाब धरतेय. यातलं काही बिघडलं असतं, तर ते असं झटक्यात सुरू झालं नसतं. थेंब संपले आणि टाकीतून पुढचं इंधन आलं नाही, म्हणून बंद पडलं. म्हणजे दोष टाकीतल्या नळीपासून जेटपर्यंतच्या वाटेत आहे. आणि ती वाट बाहेरून दिसतच नाही, कारण ती टाकीच्या पोटात आहे.

खोलायच्या आधी एक साधी चाचणी करा. इंजिन विमानावरून काढा. नीडल पूर्ण मिटवा, बोटाच्या हलक्या जोराने, कचकचून नाही, नाहीतर नीडलचं टोक जेटच्या तोंडात रुतून त्याचा आकार बिघडतो. टाकी भरा. इंजिन टिश्यू पेपरवर वेगवेगळ्या बाजूंनी थोडा थोडा वेळ ठेवा आणि ओल कुठे येते ते पाहा. वरच्या-खालच्या नळ्यांतून आलं तर ती गळती नव्हे, टाकी कलली की तिथून येणारच. वाटी (टाकीचं भांडं) आणि बॅकप्लेट (तिचं मागचं झाकण) जिथे भेटतात त्या काठावर कडं उमटलं, तर काठ गळतोय. पण मागच्या मधल्या भोकातून, जिथून इंजिन हवा घेतं तिथून ओल आली, तर व्हेंच्युरीचा गॅस्केट गेला. नीडल मिटलेली असताना इंधनाला हवेच्या वाटेत यायला दुसरा रस्ताच नाही. ही शेवटची गळती फसवी असते. टाकीतलं इंधन जेटला वळसा घालून थेट व्हेंच्युरीत झिरपतं, इंजिन कधी गुदमरतं, कधी नीडल मिटवली तरी चालत राहतं, आणि माणूस नीडललाच दोष देत बसतो.

तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे काठाची गळती आहे आणि शिवाय आतल्या नळीची. आता खोला.

पांढऱ्या कापडावर खोला, कारण यातला एखादा भाग फरशीवर पडला की मिळत नाही. खोलण्याआधी बॅकप्लेट, वाटी आणि क्रँककेस या तिघांवरून पेन्सिलीची एक उभी रेघ ओढा, म्हणजे बसवताना नीडलची बाजू चुकणार नाही. चारही लांब स्क्रू तिरप्या क्रमाने थोडे थोडे सैल करा. स्क्रूड्रायव्हरचं पातं स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारं हवं. तुम्ही आधीच जोर लावला आहे, त्यामुळे एखादा स्क्रू हलला नाही तर हेअर ड्रायरने क्रँककेस गरम करा. वर्षानुवर्षं सुकलेलं एरंडेल तेल आट्यांत डिंकासारखं बसलेलं असतं, उष्णतेने ते सुटतं. क्रँककेस अॅल्युमिनियमची आहे, आटा गेला तर मग मोठ्या मापाचा स्क्रू आणि नवे आटे, एवढ्या छोट्या भिंतीत ते काम फार नाजूक होतं.

बॅकप्लेट उचलली की आतल्या बाजूला एक छोटं निपल, म्हणजे नळी चढवायचं टोक, आणि त्यावर दोन-एक सेंटिमीटरची नळी दिसेल. टाकीतलं इंधन हीच नळी उचलते. पन्नास वर्षांची नळी असेल तर ती पिवळी, ताठ, काचेसारखी झालेली असेल. नखाने वाकवून पाहा. निपलवरच्या टोकाला उभी चीर असते, कारण ताणून बसवलेलं टोक आधी फुटतं. चीर तिथे असेल तर हवा पहिल्या सेकंदापासून आत जाते आणि तुमच्यासारखी तक्रार येते. चीर नळीच्या मध्यावर असेल तर तक्रार वेगळी. टाकी भरलेली असेपर्यंत चीर इंधनात बुडालेली असते, इंजिन सुरळीत चालतं, आणि पातळी चिरेच्या खाली गेली की अर्ध्या टाकीवर बंद. अर्ध्या टाकीवर रोज एकाच सुमारास बंद पडणारं इंजिन पाहिलं, की मी आधी ही नळी काढतो.

नळी बदला. ग्लो इंधनाला मऊ सिलिकॉन नळी उत्तम, मिथेनॉलने तिला काही होत नाही. लांबी जुनीएवढीच ठेवा. टाकीत टेकणारं टोक तिरपं कापा, सपाट कापलं तर ते भिंतीला चिकटून स्वतःचं तोंड बंद करून घेतं. आणि टोक कुठे येतं ते बघा. कंट्रोल लाइनचं विमान दोरीवर गोल फिरतं, इंधन बाहेरच्या बाजूला फेकलं जातं, म्हणून टोक टाकीच्या बाहेरच्या कोपऱ्यात हवं. मोकळं उडणाऱ्या विमानात ते खालच्या कोपऱ्यात असलं तरी चालतं. टोक चुकीच्या कोपऱ्यात असेल तर टेबलावर इंजिन छान चालेल आणि हवेत जाऊन बंद पडेल, आणि मग माणूस पुन्हा नसलेली गळती शोधत बसेल.

आता नीडल. बेब बीत नीडल एका स्प्रिंगमधून जाऊन आट्यांवर फिरते. आटे जुने झाले की त्यांच्यातून हवा आत येते, आणि हवा नेमकी जेटच्या तोंडाशी मिळते. याची खूण अशी: इंजिन चालतं, पण आवाज लाटेसारखा वरखाली होतो, आणि नीडलला हलकं बोट लावून बाजूला दाबलं की आवाज बदलतो. उपाय सगळ्या जुन्या कॉक्सवाल्यांना ठाऊक आहे. घट्ट बसेल अशा सिलिकॉन नळीचा एक छोटा तुकडा नीडलवर चढवायचा, असा की नीडल आत गेली की तो तुकडा आट्यांच्या तोंडावर हलका दाबला जाईल. हवाही थांबते आणि नीडल इंजिनाच्या थरथरीने आपोआप फिरतही नाही. टेफ्लॉन टेप मात्र गुंडाळू नका. तिचा एक धागा सुटून जेटमध्ये गेला की पुढचे दोन तास तो बाहेर काढण्यात जातील.

जोडण्याआधी सिरिंजने तपासा. औषधाच्या दुकानातली ५ मिलीची सिरिंज, सुई काढून टाकलेली, आणि निपलवर बसेल अशी नळीची जोडणी. नीडल मिटवा, बॅकप्लेट पाण्याच्या वाटीत बुडवा, पाण्यात साबणाचा एक थेंब. दट्ट्या हलकाच दाबा. कुठूनही बुडबुडा येता कामा नये आणि बोट उचललं की दट्ट्या मागे यायला हवा. आता नीडल दोन-तीन फेऱ्या उघडा आणि पुन्हा दाबा. व्हेंच्युरीच्या आतल्या बारीक भोकातून बुडबुड्यांची सरळ माळ सुटली पाहिजे. माळ तुटक असेल तर जेटमध्ये सुकलेलं तेल आहे. तारेने टोकरू नका, त्या भोकाचं माप हेच त्या इंजिनाचं सगळं गणित आहे. बॅकप्लेट रात्रभर मिथेनॉलमध्ये किंवा अॅसिटोनमध्ये बुडवून ठेवा, रबरी आणि प्लॅस्टिकचे भाग आधी काढून, आणि सकाळी पुन्हा सिरिंज लावा. पाण्याची चाचणी झाली की प्रत्येक भाग मिथेनॉलने धुऊन वाळवा. आत स्टीलचे भाग आहेत, ते लगेच गंजतात.

यासाठी तोंडाने फुंकायची किंवा ओढायची सवय अनेक जुन्या हौशी मंडळींना आहे. ती सोडा. मिथेनॉल पोटात गेलं तर डोळे जाऊ शकतात, प्राणही जाऊ शकतो. ते त्वचेतूनही शोषलं जातं, म्हणून हातमोजे घाला. आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. ठिबकणारं इंजिन ग्लो क्लिप (ग्लो हेडला वीज देणारा चिमटा) लावून तपासत असाल तर पाण्यात भिजवलेलं जाड फडकं हाताशी असू द्या. गळतीचा हा एवढा भाग खरोखर धोक्याचा आहे.

काठाच्या गळतीचं कारण बहुधा तुमच्या स्क्रूड्रायव्हरच्या जोरात आहे. वाटीचा काठ पातळ आहे. चार कोपऱ्यांत जादा जोर पडला की कोपरे दबतात आणि मधल्या बाजू फुगतात, फट कमी व्हायच्या ऐवजी वाढते. वाटी सपाट काचेवर पालथी ठेवून डोळा पातळीला आणून बघा, खालून उजेड दिसतो का. दिसला तर त्याच काचेवर १००० नंबरचा ओला पॉलिशपेपर ठेवून वाटी आठाच्या आकारात हलकेच फिरवा, काठावर सलग चकाकी येईपर्यंतच. त्यापुढे एक फेराही नको. कारण वाटी बुटकी झाली की व्हेंच्युरीच्या टोकावरच्या गॅस्केटवर जास्त दाब येतो. ही मोजमापं एकमेकांत गुंतलेली आहेत. काठावर जाड गॅस्केट घातला तर उलट होतं, काठ बंद होतो पण व्हेंच्युरीचं टोक आतल्या गॅस्केटपर्यंत पोचत नाही, आणि एक निरुपद्रवी गळती थांबवून तुम्ही खरी त्रासदायक गळती तयार करता. सीलंट नको म्हणण्याचं कारणही हेच. शिवाय जादाचं सीलंट आतल्या बाजूला पिळून येतं, त्याचा कण सुटतो आणि आतल्या नळीतून जेटमध्ये जातो.

व्हेंच्युरीचा छोटा रबरी गॅस्केट आणि वाटी-क्रँककेसमधला कागदी गॅस्केट, दोन्ही बदलाच. रॉय कॉक्स यांची ती कंपनी, कॅलिफोर्नियातल्या सँटा अॅनाची, १९९६ मध्ये एस्टेस या दुसऱ्या कंपनीने घेतली आणि पुढे या इंजिनांचं उत्पादन थांबलं, पण सुटे भाग आजही परदेशातून मागवता येतात. एवढी इंजिनं बनली होती की भागांची ददात नाही. कागदी गॅस्केट तर घरी होतो. वहीला घालायचा पातळ ब्राउन पेपर एरंडेल तेलात भिजवा, क्रँककेसच्या तोंडावर ठेवून नखाने कडा उमटवा, स्क्रूंची भोकं आधी पाडा, मग मधला भाग धारदार ब्लेडने कापा. जाडी जुन्याएवढीच हवी.

वाटी सुटली की तिच्या पुढच्या तोंडावर रीड दिसेल, तारेच्या किंवा प्लॅस्टिकच्या कड्याने धरलेली. तुमची रीड काम करतेय असं मी वर म्हटलं, तरी इतकं खोलल्यावर ती बघून घ्या. कडं धरून असलं तरी पत्री त्याच्याखाली मोकळी हलली पाहिजे. तेलाने चिकटली असेल तर मिथेनॉलचा थेंब. ती सपाट आहे का ते उजेडासमोर धरून बघा. किंचित वाक असेल तर उलटी बसवून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. जुन्या तांबूस रीड बेरिलियम कॉपरच्या असतात, त्या कधीही घासू नका, त्यांची धूळ फुप्फुसाला घातक आहे. खराब झाली असेल तर सरळ नवी घाला. रीड नीट मिटत नसेल तर क्रँककेसमधून मागे, हवेच्या तोंडातून इंधनाचा धूर उडतो. इंजिन चालू असताना मागे पांढरा कागद धरला की ठिपके पडतात.

जोडताना प्रत्येक सांध्याला एरंडेल तेलाचा पुसट हात. स्क्रू आधी बोटांनी, मग तिरप्या क्रमाने पाव-पाव फेरी. गॅस्केट दबल्याचं हाताला कळतं, तिथे थांबा. एकदा गरम होऊन थंड झाल्यावर पुन्हा हात लावून बघा, किंचित सैल झाले असतील तर तेवढेच.

बाकीचे सांधे तुमच्या प्रश्नात नाहीत, पण साफसफाईनंतर कदाचित पुढे येतील, म्हणून सांगतो. जुन्या इंजिनात तपकिरी पडलेलं एरंडेल तेल हीच कित्येकदा एक सील असते. तुम्ही ते सगळं खरवडून काढलंत की वर्षानुवर्षं बुजलेल्या फटी उघड्या पडतात. म्हणून चकचकीत केलेलं इंजिन आधीपेक्षा जास्त गळू लागलं, तर घाबरू नका. सिलिंडरच्या आतला पातळ तपकिरी थर तर काढूच नका. त्याने कॉम्प्रेशन धरून ठेवलेलं असतं. ग्लायकॉलच्या कूलंटमध्ये मंद उकळून इंजिन साफ करायची पद्धत चांगली आहे, पण टाकीला अॅनोडाइज्ड रंग असेल तर तो त्यात फिका पडू शकतो. ती पद्धत साध्या अॅल्युमिनियमच्या इंजिनांसाठी ठेवा.

प्रोपेलरच्या मागे क्रँकशाफ्टभोवती तेलाचं कडं येणं हे ठीक आहे. त्या बेअरिंगला वंगण त्याच वाटेने मिळतं. प्रोपेलर धरून वरखाली हलवला तर खडखड जाणवतो आणि हाताने फिरवताना पिस्टन खाली येताच तिथे बुडबुडे फुटतात, तेव्हा बेअरिंग झिजलं म्हणायचं. त्याला गॅस्केट नाही. इंधनात तेलाचं प्रमाण २० ते २५ टक्के आणि त्यातलं निदान अर्धं एरंडेल ठेवा. जाड थर फट भरून काढतो, सुरू करणं सोपं होतं. या इंजिनांत पिस्टनला रिंग नसते, सगळा भरवसा तेलाच्या थरावर आहे. मोठ्या आधुनिक इंजिनांचं कमी तेलाचं इंधन यात घातलंत तर काही दिवसांत पिस्टनचा सांधाच ढिला होईल.

ग्लो हेडच्या खाली तांब्याची पातळ चकती असते. तिथून गळत असेल तर हेडभोवती टाकलेल्या तेलाच्या थेंबात बुडबुडे येतात आणि प्रोपेलर फिरवताना फस्स ऐकू येतं. चकती चिमट्यात धरून लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका, तांबं मऊ होतं आणि पुन्हा बसतं. चकत्या एकाहून जास्त असल्या तर तितक्याच परत घाला, त्यांच्यावर कॉम्प्रेशन ठरतं. बुडबुडे हेडच्या मधल्या खांबाशी येत असतील तर ते हेड बदलावंच लागतं. हेड इंजिन थंड असताना, त्याच्याच पान्याने आवळायचं. सिलिंडर क्रँककेसमध्ये आट्यांवर बसलेला असतो, तोही त्याच्या पान्यानेच फिरवायचा. एक्झॉस्टच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घालून फिरवलेले सिलिंडर मी पाहिले आहेत. फटीची कड आत दुमडते आणि पिस्टनवर पहिल्याच फेरीत ओरखडा येतो. त्यानंतर त्या जोडीचं काही करता येत नाही. अशी चांगली वस्तू अशा कारणाने जाते याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हे एवढं जोर देऊन लिहितोय.

आता ते डिझेल. मिल्स ०.७५ सीसी हे चाळीसच्या दशकातलं इंग्लिश इंजिन, त्याच्या नकला भारतातही बनल्या आणि परदेशातही विकल्या गेल्या, त्यामुळे तुमचं बहुधा त्यांतलंच असेल. यात ग्लो प्लग नाही. डोक्यावरच्या आडव्या दांडीने स्क्रू फिरवला की आतला काँट्रापिस्टन, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या टोकाचा दुसरा पिस्टन, खाली सरकतो आणि कॉम्प्रेशन वाढतं. तो काँट्रापिस्टन फक्त घट्ट बसण्याच्या जोरावर सील धरतो. दांडीच्या मुळाशी किंचित तेलकटपणा दिसला तर काही करायचं नाही. चालू इंजिनात तिथे फेस येत असेल आणि चालता चालता कॉम्प्रेशन बदलत असेल, तर काँट्रापिस्टन सैल आहे. जाड तेलाने काही काळ निभावतं, पुढे नवा काँट्रापिस्टन लेथवर करून घ्यावा लागतो. हे काम जाणत्या माणसाकडेच द्या, शतांश मिलिमीटरच्या आतलं माप आहे.

डिझेलच्या इंधनात ईथर, रॉकेल आणि एरंडेल, जुन्या इंजिनांना साधारण समसमान. त्याला सिलिकॉन नळी चालत नाही, रॉकेलने ती फुगून निपलवरून सुटते. साधी पारदर्शक प्लॅस्टिकची नळी ईथरमुळे आक्रसून कडक होते आणि बेब बीच्या आतल्या नळीसारखीच फुटते. निओप्रिनची काळी नळी घ्या. टाकीतलं इंधन कमी होतंय पण डाग कुठेच नाही, अशी तक्रार डिझेलवाल्यांची हमखास असते. ती गळती नव्हे, ईथर उडून जातंय. बाटलीचं बूच घट्ट नसेल तर उरलेलं मिश्रण पेट घेणार नाही आणि तुम्ही इंजिन उगाच खोलून बसाल. ईथरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, त्यामुळे खोलीच्या दुसऱ्या टोकाला पेटलेली शेगडीही चालणार नाही. पत्र्याची झाळलेली टाकी गळत असेल तर तिला सोल्डरिंग आयर्न लावण्याआधी गरम पाण्याने अनेकदा धुऊन, वास पूर्ण गेल्यावरच काम करा.

बेब बीकडे परत येऊन शेवटचं. नळी, गॅस्केट आणि नीडल नीट झाल्यावर नीडलची आधीची जागा विसरा. आधी हवा मिसळत होती म्हणून ती जास्त उघडी ठेवावी लागली असेल. आता तेवढीच उघडलीत तर इंजिन बुडेल आणि एक्झॉस्टमधून कच्चं इंधन येईल. ती गळती नाही, त्यासाठी पुन्हा काही खोलू नका. नीडल मिटवून तीन ते चार फेऱ्या उघडा, सुरू करा, घरघरत चालू द्या, आणि मग हळूहळू मिटवत न्या. आवाज एका सुरात येईल, त्याच्या किंचित अलीकडे, जरा जास्त इंधनावर ठेवा. पूर्ण टाकी शेवटपर्यंत चालू द्या आणि बघा. शेवटपर्यंत सूर टिकला तर आतली वाट बंद झाली. अर्ध्यावर चढत जाऊन तुटला तर नळीचा मधला भाग पुन्हा तपासा, तिथेच कुठेतरी हवा शिरतेय. दिवसाच्या शेवटी उरलेलं इंधन काढून टाका, नळ्यांतून हलक्या मशीन तेलाचे काही थेंब आत सोडा आणि प्रोपेलर हाताने फिरवून ते सगळीकडे पोचवा. पावसाळ्यात तर हे चुकवूच नका, मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि रात्रीतून क्रँकशाफ्टवर गंज धरतो.